उतारावरची सायकल

भाचीला डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीत उतरायचंय. दुकानात गेली की आधी गिअर मोजते, "मावशी, एकवीस आहेत!" अगं, उतारावर सातही पुरतात, चढ चढायचाच कुठे असतो? पाहायचे ते ब्रेक. हायड्रॉलिक डिस्कचे हवेत, आणि पुढे-मागे सुमारे २०० मिलिमीटर दबणारे शॉकअप. ब्रिटनच्या रेचल अ‍ॅथर्टननं २०१६ मध्ये विश्वचषक मालिकेतल्या सातही शर्यती जिंकल्या, त्या अशाच दणकट सायकलीवर.

मैत्रिणींनो, आपली खोड म्हणजे वाढत्या अंगाचं घ्यायचं! फ्रॉकला ते ठीक. इथे मोठी फ्रेम उतारावर आवरत नाही. जुनी घेणार असाल तर जोडापाशी तडा नाही ना, हे बघा. भावजींनी किंमत ऐकून कपाळाला हात लावला. मी म्हटलं, सायकल पुढच्या वर्षी घ्या, पण पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आधी आणा.