खोक्यावरचे वॅट आणि गाडीतली वायर : मोटारीसाठी व होडीसाठी उपकरणं कशी निवडावीत



आजचा विषय रोजच्या वापरातला आहे. मोटारीत आणि होडीत आपण जी जादा विजेची उपकरणं बसवतो, म्हणजे टेप, स्पीकर, अँप्लिफायर, दिवे, हॉर्न, कॅमेरे, ती निवडायची कशी? आम्ही वायरिंगशी संबंधित काम करणारी माणसं आहोत, त्यामुळे दुकानातल्या काउंटरच्या बाजूनं नाही, तर बॉनेट उघडल्यावर जे दिसतं त्या बाजूनं बोलणार आहोत.

आपण शाहूपुरीत बसलोय. शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ गुळाच्या व्यापारासाठी वसवली. गुळाची ढेप वरून पिवळीधमक दिसली म्हणून जाणता व्यापारी ती घेत नाही, आतला कण बघतो. गाडीचं सामान घेताना मात्र आपण खोक्यावरचा रंग आणि आकडा बघून पैसे मोजतो. आतला कण कसा बघायचा, एवढंच आज सांगायचंय.

गाडीकडे वीज आहे किती?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत जातो. लहान मोटारीचा अल्टरनेटर साधारण ७० ते ९० अँपिअरच्या घरातला असतो. त्यातून हेडलाइट, पंखा, पेट्रोल पंप, इंजिनचा कॉम्प्युटर, एसीचा क्लच हे सगळं आधीच चाललेलं असतं. उरलेल्यावर आपली हौस भागवायची.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. हे शाळेतलं सूत्र लक्षात ठेवलं तर निम्मी फसवणूक तिथंच थांबते. बाजारात ५००० वॅट लिहिलेला अँप्लिफायर मिळतो. १४ व्होल्टवर ५००० वॅट पाहिजे असतील, तर काहीही वाया न जाता साडेतीनशे अँपिअर लागतील. एवढा करंट देणारा अल्टरनेटर आपल्या गाडीत नाही आणि त्या अँप्लिफायरला असलेली बारकी वायरही तो पेलणार नाही. म्हणजे आकडा खोटा, हे खोकं न उघडताच कळलं.

"५० वॅट गुणिले ४" कुठून येतं?

आता चांगल्या कंपनीच्या टेपवरसुद्धा "५० वॅट × ४" असं लिहिलेलं असतं. हा आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. टेपमधल्या छोट्या अँप्लिफायरला स्पीकरवर जास्तीत जास्त १४.४ व्होल्टच टाकता येतात. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग २०७, भागिले ४, म्हणजे सुमारे ५२ वॅट. पण हे कधी? आवाज पूर्ण फाटलेला, लाट चौकोनी झालेली असेल तेव्हा. स्वच्छ लाटेसाठी याच्या निम्मे, म्हणजे २६ वॅट. आतली गळती धरली तर हातात येतात २० वॅटच्या आसपास.

म्हणून दुकानात "किती वॅट?" असं विचारू नका, "आरएमएस किती?" असं विचारा. आरएमएस म्हणजे सतत, न फाटता मिळणारी ताकद. "पीक" किंवा "मॅक्स" लिहिलेला आकडा बाजूला ठेवा.

दुसरा आकडा कुणी विचारतच नाही, तो म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. एका स्पीकरची ८७ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० असेल, तर दुसरा निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज देतो. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅटचा फरक. ज्याला वेगळा अँप्लिफायर बसवायचा नाही, नुसत्या टेपवर गाणी ऐकायची आहेत, त्यानं जास्त वॅटचा नव्हे, जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घ्यावा.

वायर आणि फ्यूज

इथं थोडं थांबूया, कारण गाडी पेटते ती या ठिकाणी.

समजा खरा ५०० वॅटचा, ८० टक्के कार्यक्षम अँप्लिफायर डिक्कीत बसवला. जोरात वाजताना तो बॅटरीतून सुमारे ४५ अँपिअर ओढेल. बॅटरी पुढं, डिक्की मागं, वायर ५ मीटर. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर वाटेत पाव व्होल्ट जातो. चालतंय. पण पैसे वाचवायला ४ चौरस मिलिमीटरची टाकली, तर एक व्होल्ट जातो आणि ४५ वॅट उष्णता तयार होते. डाग मारायची नेहमीची सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे जवळपास दोन इस्त्र्यांची उष्णता गाडीच्या कार्पेटखाली पसरली.

त्यात आणखी एक मेख आहे. स्वस्त किटमधली वायर पुष्कळदा अॅल्युमिनियमची असते, वर नुसता तांब्याचा मुलामा. ती तांब्याच्या दोन तृतीयांश एवढीच वीज वाहते. ओळखायचं कसं? टोक सोलून ब्लेडनं एक तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर अॅल्युमिनियम. वायर हातात घेतल्यावर जाडीच्या मानानं हलकी लागली, तरी शंका घ्या.

आता फ्यूज. फ्यूज उपकरणाला वाचवतो असं बहुतेकांना वाटतं. मुळात तो वायरीला वाचवतो. म्हणून त्याची जागा उपकरणापाशी नाही, बॅटरीपाशी असते. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज पाहिजे. तो डिक्कीत ठेवला आणि वायर मध्येच पत्र्याला घासून सोलली गेली, तर बॅटरीची सगळी ताकद त्या सोललेल्या जागी उतरते आणि फ्यूज शाबूत राहतो. फ्यूजचा आकडा वायर पेलेल त्याच्या आतलाच असावा. सारखा उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालणं, किंवा त्याला चांदी गुंडाळणं, म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून दार उघडं ठेवणं.

दिव्यांचंही तसंच. बऱ्याच गाड्यांना एच-४ बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. त्याच्या जागी १००/९० चा घातला की करंट ५ अँपिअरवरून ८ च्या वर जातो. वायर, स्विच आणि प्लॅस्टिकचा होल्डर ५ च्या हिशेबानं केलेले असतात. होल्डर वितळतो, काच पिवळी पडते, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. रात्री घाटात तोच समोरचा आपल्या अंगावर येतो.

जोडणी करताना वायर कापून, सोलून, पीळ देऊन चिकटपट्टी लावू देऊ नका. तुमच्या मॉडेलचा तयार कपलर मागा. पिवळ्या रंगाचे कपलर आणि नळ्या बहुतेक एअरबॅगच्या असतात, तिथं हात लावायचा नाही.

कायदा आणि कान

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणाऱ्या, कर्कश हॉर्नला मनाई करतो. सीटबेल्टची शिटी बंद करायला बकलमध्ये घालायची क्लिप मिळायची. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली. स्वस्तातली, पण जीव घेणारी अॅक्सेसरी म्हणून तिचं उदाहरण द्यावं लागतं.

आवाजाबद्दल कोल्हापूरकरांना आम्ही काय सांगावं! तरी एक हिशेब ऐका. ८५ डेसिबल आवाज दिवसात ८ तास कान सहन करतो. पुढं प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. बंद काचांच्या गाडीत वूफर लावून १०० गाठणं अवघड नाही. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

होडीचं गणित वेगळं

तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात होडी कुठली? पण गगनबावड्याचा घाट उतरला की वैभववाडी, पुढं देवगड. आंबा घाटातून रत्नागिरी. तिकडं ज्यांचे नातेवाईक आहेत, मालवण-तारकर्लीला ज्यांचा पर्यटनाचा धंदा आहे, त्यांच्यासाठी हा भाग. मोटारीचं सामान उचलून होडीत बसवणं ही तिथली सर्रास चूक.

मोटारीत पत्रा हीच परतीची वायर असते. लाकडी किंवा फायबरच्या होडीत तशी सोय नाही, जाणारी आणि येणारी अशा दोन वायरी लागतात. म्हणजे लांबी दुप्पट धरून जाडी ठरवायची. खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं होतं, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्यायची. "आयपी ६७" लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकतं, एवढाच. मीठ आणि ऊन सोसण्याची परीक्षा वेगळी असते, तिचा उल्लेख शोधा. बॅटऱ्या दोन ठेवा. एक फक्त इंजिन सुरू करायला, दुसरी दिव्या-गाण्यांना. समुद्रात धक्का मारायला कुणी येत नाही.

आणि एक गोष्ट तांडेलांनी जरूर तपासावी. स्पीकरमध्ये चुंबक असतं. होकायंत्राजवळ स्पीकर बसवला तर सुई सरकते. किमान एक मीटर अंतर ठेवा, आणि गाणी चालू-बंद करून सुई हलते का ते बघा.

पैसे मोजके असतील तर होडीत संगीत सगळ्यात शेवटी. आधी व्हीएचएफ रेडिओ. चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा जगभर संकटाच्या हाकेसाठी ठेवलेला आहे. त्याचा पल्ला वॅटपेक्षा अँटेनाच्या उंचीवर जास्त ठरतो. दोन होड्यांच्या अँटेना चार-चार मीटर उंच असतील तर सुमारे १६ किलोमीटर, नऊ-नऊ मीटर असतील तर सुमारे २५. म्हणजे महाग सेटऐवजी उंच काठी. रेडिओचा फ्यूज गाण्यांपासून वेगळा ठेवा, म्हणजे स्पीकरचा शॉर्ट झाला तरी हाक मारता येईल. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये मच्छीमार नौकांसाठी ट्रान्सपॉन्डरची योजना सुरू झाली, देशभरात एक लाख बसवायचे आहेत. त्याची चौकशी मत्स्य विभागाकडे करा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ केबिनमध्ये रंगवून ठेवा. आणि मासे ओढायला प्रखर एलईडी दिवे कुणी विकत असेल तर घेऊ नका. नोव्हेंबर २०१७ पासून त्या मासेमारीवर केंद्राची बंदी आहे.

दुकानात विचारायचे चार प्रश्न

आरएमएस किती आणि करंट किती अँपिअर ओढतं? वायर शुद्ध तांब्याची आणि किती चौरस मिलिमीटरची? फ्यूज कितीचा, आणि तो कुठं बसवणार? माझ्या गाडीचा कपलर आहे की वायर कापणार? उत्तरं बिलावर लिहून द्यायला दुकानदार तयार असेल, तर तिथं खरेदी करा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : साहेब, बजेट कमी आहे. काय आधी करू?*

पुढच्या दोन दारांचे स्पीकर बदला आणि दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावा. मागचे स्पीकर आहेत तसे राहू देत. एवढ्यानं भागलं तर अँप्लिफायर लागणारच नाही.

*प्रश्न : डॅशकॅम पार्किंगमध्ये चालू ठेवला तर बॅटरी उतरते का?*

उतरते. पाव अँपिअर ओढत असेल तर दिवसाला ६ अँपिअर-तास. ३५ ची बॅटरी तीन दिवसांत निम्मी होते. व्होल्टेज कमी झालं की आपोआप बंद होणारं किट घ्या, आणि लग्नाला गावी जाताना तो काढून ठेवा.

*प्रश्न : काका, आमची गल्ली २०१९ ला आणि २०२१ लाही पाण्यात होती. अँप्लिफायर सीटखाली बसवू का?*

नको. पाणी आधी सीटखालीच शिरतं. डिक्कीत जरा उंचावर, फळीवर बसवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ कडे चाललंय असं कळलं की गाडी उंचावर न्या. नेता आली नाही तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. आणि पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून बघायचा मोह टाळा. आधी मेकॅनिकला दाखवा, मगच स्टार्टर.