बरणीने द्यायची उत्तरे

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा लंडनच्या साउथॉलमध्ये एखाद्या भारतीय किराणा दुकानात शिरा आणि कैरीच्या लोणच्याची बरणी उचलून तिची मागची बाजू वाचा. पुढे रंगीत चित्र असते, मोठ्या अक्षरांत नाव असते. पाहण्यासारखी बाजू मागची. दोन बोटांच्या जागेत बारीक अक्षरांच्या ओळी, आडवी रेघ मारलेला तक्ता, काळ्या पट्ट्या आणि एक न समजणारा क्रमांक. घरी केलेला पदार्थ समुद्रापलीकडच्या दुकानात कसा पोहोचतो, ते सगळे या दोन बोटांच्या जागेत मावलेले असते.

सोसायटीत लोणचे विकणाऱ्या काकूंना या ओळींची गरज पडत नाही. गिऱ्हाईक दारात उभे असते. "काकू, टिकेल ना? यात लसूण आहे का? मागच्या वर्षीसारखंच आहे ना?" काकू सांगतात, वर एक फोड चाखायला देतात आणि व्यवहार पुरा होतो. एडिसनच्या गिऱ्हाइकाला काकू दिसत नाहीत. प्रश्न मात्र तेच असतात. ते बरणीला विचारले जातात आणि बरणीला पुराव्यानिशी उत्तर द्यावे लागते. घरगुती व्यवसाय परदेशी नेणे म्हणजे मुख्यतः या उत्तरांची तयारी. या तयारीत किती शास्त्रे हातात हात घालून उभी असतात ते पाहिले की थक्क व्हायला होते.

टिकेल ना?

कैरीच्या फोडींना मीठ लावले की थोड्या वेळात खार सुटतो. नेहमीचेच दृश्य, पण त्यात केवढी घडामोड चाललेली असते! फोडींबाहेर मीठ जास्त, पेशींच्या आत कमी. म्हणून आतले पाणी पेशींच्या पातळ पडद्यांतून बाहेर ओढले जाते. बाहेर आलेल्या पाण्याचे रेणू मीठ धरून ठेवते. पाणी बरणीतच असते, पण जीवाणूंच्या वाट्याला फारसे येत नाही. जीवाणूंना वापरता येईल असे पाणी किती, याचे एक माप आहे, जलक्रियता. शुद्ध पाण्याची जलक्रियता १. ती ०.८५ पर्यंत उतरली की अन्नातून रोग पसरवणाऱ्या जीवाणूंपैकी जवळजवळ सगळ्यांची वाढ थांबते. त्यावर गार फोडणीचे तेल येते. फोडी तेलात बुडाल्या की बुरशीला प्राणवायू मिळत नाही.

पण हवा बंद झाली की एका जीवाणूची नेमकी सोय होते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हे त्याचे नाव. त्याचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात आणि उकळत्या पाण्यातही तग धरतात. डबाबंद अन्नात ते मारायला दाबाखाली १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. हवा नसलेल्या जागी ते रुजतात आणि माणसाला ठाऊक असलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक विष तयार करतात. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमधून अनेकांना अशी विषबाधा झाली. कारण निघाले तेलात ठेवलेला चिरलेला लसूण. लसूण निर्दोष, तेल निर्दोष. दोघांनी मिळून त्या जीवाणूला हवी तशी जागा करून दिली होती.

मग तेलात बुडालेली कैरी सुरक्षित का? कारण ती आंबट आहे. हा जीवाणू पीएच ४.६ किंवा त्याहून खाली वाढूच शकत नाही. पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दसपट होते. कच्च्या कैरीचा पीएच ३ च्या आसपास असतो, म्हणजे त्या सीमारेषेहून ती जवळजवळ चाळीसपट आंबट. मीठ पाणी अडवते, तेल हवा अडवते आणि तेलाने उघडलेले चोरदार आंबटपणा बंद करतो. तीन पहारेकरी, प्रत्येकाचा पहारा वेगळा.

लसणाचा पीएच ६ च्या आसपास असतो. हिरव्या मिरचीलाही स्वतःचा आंबटपणा नाही. त्यांच्या लोणच्यात लिंबाचा रस पडतो तो चवीसाठी खरा, पण रक्षणाची सारी जबाबदारीही त्याच्यावर येते. म्हणून मुळात आंबट नसलेला पदार्थ आम्ल घालून टिकवला असेल आणि त्याची जलक्रियता ०.८५ हून जास्त असेल, तर अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन त्याची कृती आधी नोंदवून घेते. एकाच ओट्यावर झालेली कैरीची आणि लसणाची लोणची अमेरिकेच्या दारात वेगवेगळ्या रांगांत उभी राहू शकतात. परदेशाचा विचार करणाऱ्या घरगुती उद्योजकाने आकर्षक लेबल छापण्याआधी पीएच मीटर घ्यावा, तो याचसाठी.

नेहमीसारखंच आहे ना?

पाच किलो कैऱ्यांचे लोणचे अंदाजाने उत्तम होते. पाचशे किलोंचे होत नाही, कारण भूमिती आड येते. पातेल्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर आत आठपट तेल मावते; पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग चौपटच होतो. प्रत्येक लिटर तेलाच्या वाट्याला निम्माच पृष्ठभाग उरतो. लहान कढईतली फोडणी लवकर निवते, मोठ्या पातेल्यातली गॅस बंद केल्यावरही तापलेली राहते. त्या उष्णतेत मोहरी आणि मेथी तळतच राहतात, हिंग करपतो आणि लोणचे कडसर होते. कृती तीच, प्रमाण तेच, तरी चव निराळी. म्हणून व्यवसाय वाढवताना वाटीच्या जागी वजनकाटा येतो, 'धूर निघेपर्यंत'च्या जागी तापमापक येतो आणि खोल पातेल्याच्या जागी पसरट ट्रे येतात.

या प्रश्नाचे सर्वांत देखणे उत्तर मुंबईत सापडले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तोच पुढे लिज्जत पापड. मोठा कारखाना घालून यंत्रांवर पापड करणे हा वाढीचा एक मार्ग होता. त्यांनी काम दोन भागांत वाटले. उडदाचे पीठ, हिंग, मिरे, पापडखार, म्हणजे चव ज्यावर ठरते ते सगळे केंद्रावर एकत्र मळायचे; लाटण्याचे काम मात्र महिलांनी पीठ घरी नेऊन करायचे आणि वाळलेले पापड परत आणून द्यायचे. चव एका जागी बांधलेली राहिली आणि हात हजारोंनी वाढत गेले. आज या संस्थेत सुमारे ४५ हजार महिला आहेत आणि हे पापड निर्यातदार व्यापाऱ्यांमार्फत परदेशी जातात. सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. यंत्राशिवाय एकसारखेपणा आणता येतो, हे त्या गच्चीवरून सुरू झालेल्या कामाने दाखवून दिले.

मला चालेल का?

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. कैरी, तेल, मीठ, मोहरीची डाळ, तिखट, मेथी, हळद, हिंग. यादी साधी दिसते, पण तिच्यात दोन ठिकाणी पाय अडखळतो.

पहिले ठिकाण मोहरी. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ॲलर्जी आणणारे १४ घटक ठळक करून दाखवावे लागतात आणि मोहरी त्यांत आहे. अमेरिकेच्या यादीत ९ घटक आहेत, १ जानेवारी २०२३ पासून त्यांत तीळ आले. मोहरी मात्र नाही. तेच लोणचे, तीच मोहरी. लंडनमध्ये ती ठळक अक्षरांत, न्यू यॉर्कमध्ये साध्या. पोषणाच्या तक्त्यातही हाच प्रकार. अमेरिकेत सोडियम मिलिग्रॅममध्ये आणि एका वाढणीमागे सांगायचे, ब्रिटनमध्ये मीठ ग्रॅममध्ये आणि शंभर ग्रॅममागे.

दुसरे ठिकाण हिंग. अस्सल हिंग हा अफगाणिस्तान-इराणकडच्या एका झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक. तो इतका उग्र असतो की आपल्या डबीत येतो तो पिठात बांधलेला आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचे असते. म्हणजे चिमूटभर हिंगातून लोणच्यात गहू आला. ज्याला गहू सोसत नाही त्याच्यासाठी ही चिमूट महत्त्वाची आहे आणि ते सांगणे हे बरणीचे काम आहे. घटकांची यादी लिहायला बसलेल्या माणसाला प्रत्येक जिन्नसाच्या पोटात काय आहे ते अशा रीतीने शोधत जावे लागते.

आलं कुठून?

काळ्या पट्ट्यांच्या खाली १३ अंक असतात. ८९० ने सुरुवात असेल तर तो क्रमांक भारतातल्या जीएस१ संस्थेने दिलेला आहे. शेवटचा अंक आधीच्या बारांतून निघतो: त्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची आणि ती दहाच्या पटीत जायला जे कमी पडेल तो तेरावा अंक. मधला एखादा अंक चुकला की हिशेब जुळत नाही आणि दुकानातले यंत्र तो क्रमांक नाकारते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंग गमचे पाकीट अशा पट्ट्यांवरून पहिल्यांदा वाचले गेले. आज जगातल्या कुठल्याही दुकानात काकूंचे लोणचे याच रीतीने ओळखले जाते.

भारताकडून लागते ते असे: एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना आणि परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक. शिवाय अपेडा. या निर्यात प्राधिकरणाच्या १९८५ च्या कायद्याला जोडलेल्या यादीत लोणची, पापड आणि चटण्या यांची नोंद नावानिशी आहे. आपल्या ताटाची डावी बाजू संसदेच्या कायद्यात लिहिलेली आहे, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

अमेरिकेने २००२ साली दहशतवादाच्या भीतीतून केलेल्या कायद्यानुसार तिथे अन्न पाठवणाऱ्या परदेशी कारखान्याला नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक खेपेची आगाऊ सूचना द्यावी लागते. २०११ च्या कायद्याने तिथल्या आयातदारावर उत्पादक तपासून घेण्याची जबाबदारी टाकली. म्हणून बहुतेक लहान उद्योजक आधी निर्यातदार व्यापाऱ्याचा हात धरतात आणि दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरचा एक कोपरा भाड्याने घेतात.

त्या कंटेनरमध्ये आणखी एक नवल असते. ताज्या भारतीय आंब्याला अमेरिकेने २००७ साली दार उघडले ते विकिरण प्रक्रियेची अट घालून. कोयीतला किडा आणि फळमाशी तिकडे जाऊ नये म्हणून. ज्या लाकडी पॅलेटवर खोकी रचतात तिचा गाभाही बहुधा ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेला असतो. झाडावरच्या फळाला आणि मेलेल्या लाकडालाही शुद्ध होऊन जावे लागते. फोडी होऊन मीठ-तेलात मुरलेल्या कैरीला त्या किरणांची गरज उरत नाही.

घेणार कोण?

पहिले गिऱ्हाईक बहुतेक आपलेच असते: घरची चव आठवणारे. पुढचा टप्पा शेजाऱ्याचा. १९५० च्या दशकात केनियाहून ब्रिटनला गेलेले लक्ष्मीशंकर पाठक उत्तर लंडनमधल्या घरी सामोसे आणि मिठाया करून विकू लागले आणि पुढे ड्रमंड स्ट्रीटवर त्यांचे दुकान झाले. १९७२ साली युगांडातून हाकललेले आशियाई लोक ब्रिटनमध्ये आले, तेव्हा त्यांच्या छावण्यांना या कुटुंबाने अन्न पुरवले. पण इंग्रज घरांत त्यांचे 'पटाक्स' शिरले ते तेलात राखलेल्या मसाल्याच्या वाटणामुळे. भाजणे, वाटणे, परतणे ही अवघड पायरी त्यांनी बरणीत भरून दिली आणि शेवटची सोपी पायरी गिऱ्हाइकाच्या हाती ठेवली. २००७ साली ही कंपनी एका मोठ्या ब्रिटिश उद्योगसमूहाने विकत घेतली. परक्या स्वयंपाकघरात शिरण्याची ही युक्ती अजून कितीतरी मराठी पदार्थांची वाट पाहते आहे. गोडा मसाला त्यात पहिला.

आणि बिघडलं तर?

आता तो न समजणारा क्रमांक, बॅच नंबर. फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये चारशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. एका सॉसमध्ये पडलेल्या लाल तिखटात सुदान-१ हा मेण-पॉलिशचा रंग मिसळलेला होता आणि तो सॉस शेकडो पदार्थांत गेला होता. जिथे कुठला माल कुठे गेला याची नोंद असते, तिथे नेमका तेवढाच माल मागे घेता येतो. नोंद नसेल तर सगळा टाकावा लागतो.

नोंद जितकी मागे जाईल तितकी चांगली. मिरची ओलसर राहिली की तिच्यावरची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. युरोपात मिरचीसाठी मर्यादा आहे किलोमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभर टन मिरचीत एक ग्रॅम. इतके सूक्ष्म विष आज प्रयोगशाळेत मोजता येते आणि ते रोखण्याचा उपाय मात्र शेतकऱ्याच्या खळ्यावर आहे: मिरची मातीवर न टाकता स्वच्छ कापडावर, कडक उन्हात, खणखणीत वाळवणे.

म्हणून परदेशाचे स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येक काकूंना आणि दादांना मनापासून सांगावेसे वाटते: आज दहा बरण्या करत असाल, तरी आजपासूनच वही घाला. कैरी कुठून आली, मीठ किती ग्रॅम, तिखट कोणत्या गिरणीचे, फोडणी किती अंशांवर गार केली, पीएच किती आला, बरण्या कुणाकुणाकडे गेल्या. प्रत्येक बॅचला क्रमांक द्या आणि तिची एक बरणी मागे ठेवून दर महिन्याला तपासा. आयात-निर्यात क्रमांक एका अर्जाने मिळतो, निर्यातदार व्यापारी शोधून सापडतो. ही वही मात्र दुसरे कुणी लिहून देऊ शकत नाही आणि दूरदेशीचा अनोळखी माणूस तुमची बरणी विश्वासाने उघडतो तो या वहीच्याच बळावर.