प्रवेशाचे दार आणि शुल्काचा उंबरठा

अठराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, पदरी तान्ही मुलगी असलेल्या ए. ललिता यांनी १९४० मध्ये मद्रासजवळील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवून भारतातील पहिल्या महिला अभियंत्यांत स्थान पटकावले. त्यांचे वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते. मुलीच्या शिक्षणासाठी शब्द टाकणारे माणूस घरातच होते. ज्या मुलींच्या घरी असे कोणी नाही, त्यांनी काय करावे, हा प्रश्न मात्र पुढेही दीर्घकाळ कायम राहिला.

या प्रश्नाची तीव्रता देशाच्या अग्रगण्य संस्थांत स्पष्ट दिसत होती. २०१६-१७ च्या सुमारास आयआयटीच्या पदवी अभ्यासक्रमांत प्रवेश घेणाऱ्या दर शंभर विद्यार्थ्यांमध्ये मुली जेमतेम आठ-नऊ होत्या. प्रा. तिमोथी गोन्साल्विस यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य, म्हणजे मूळ संख्येपेक्षा वाढीव, जागा निर्माण करण्यात आल्या. मुलींचे प्रमाण पहिल्या वर्षी १४ टक्के, २०१९ मध्ये १७ टक्के आणि २०२० मध्ये २० टक्के करण्याचे लक्ष्य ठरले.

यामुळे गुणवत्तेला बाधा येईल, अशी शंका तेव्हा घेतली गेली. तिचे उत्तर योजनेच्या रचनेतच आहे. आधीच्या जागा कमी केलेल्या नाहीत. त्यामुळे कोणत्याही मुलाच्या वाट्याची जागा गेली नाही. जेईई अॅडव्हान्स्डमध्ये पात्र ठरणे मुलींनाही तितकेच अनिवार्य आहे. मुलींच्या जागांवर अखेरचा प्रवेश काही शाखांत खालच्या क्रमांकापर्यंत पोहोचतो, हे खरे. परंतु तो क्रमांकही पात्र उमेदवारांच्या यादीतलाच असतो.

तथापि, जागा वाढल्या म्हणजे मुली आल्याच, असे होत नाही. पात्र ठरूनही अनेक मुली दूरच्या आयआयटीऐवजी गावाजवळचे महाविद्यालय निवडतात. खासगी शिकवणीचा खर्च मुलासाठी गुंतवणूक आणि मुलीसाठी ओझे मानणारी घरेही आहेत. येथे गुणवत्तेला आर्थिक हाताची जोड लागते.

अशी मदत उपलब्ध आहे. आयआयटीचे वार्षिक शिक्षणशुल्क २०१६ मध्ये दोन लाख रुपये झाले. त्याच वेळी अनुसूचित जाती-जमातींचे व दिव्यांग विद्यार्थी, तसेच एक लाखापर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ झाले. एक ते पाच लाख उत्पन्नगटाला दोन-तृतीयांश सूट मिळाली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती तर केवळ मुलींसाठी आहे: मान्यताप्राप्त संस्थांतील पदवी व पदविका विद्यार्थिनींना गुणानुक्रमे वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये असून एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत लाभ घेता येतो. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षणशुल्क माफ केले.

अडचण वेळेची आहे. जागा स्वीकारण्याचे पैसे ठरलेल्या मुदतीतच भरावे लागतात, वसतिगृह, खाणावळ, प्रवास व संगणक यांचा खर्च पहिल्याच महिन्यात येतो, आणि शिष्यवृत्ती मात्र प्रवेशानंतर अर्ज व छाननी होऊन पदरात पडते. हाती प्रवेशपत्र असूनही घरात बसलेली मुलगी बहुधा याच मधल्या काळात मागे राहते.

बँकेची भूमिका येथे सुरू होते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास पतहमी योजनेमुळे तारण लागत नाही, परतफेड साधारणतः अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने सुरू होते, आणि अनेक बँका विद्यार्थिनींना व्याजदरात अर्ध्या टक्क्याची सवलत देतात. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण व जामिनाविना कर्ज मिळते.

शाखेच्या काउंटरवर प्रवेशपत्र घेऊन आलेल्या पालकांना ही माहिती वेळेवर मिळाली, उत्पन्नाचा दाखला व शुल्कपत्रक यांची जमवाजमव निकालापूर्वीच झाली, तर वाढीव जागेचे चीज होते. ललितांना वडिलांचा आधार होता. आजच्या मुलीला तो आधार शिष्यवृत्ती, शाखाधिकारी आणि सजग पालक यांच्या सहकार्यातून मिळू शकतो.