पावसाळी हवा, पॉलिशचे काम आणि स्प्रे गनची निगा

चिखलदऱ्याला पर्यटकांची खरी गर्दी पावसाळ्यात होते आणि लॉजवाल्यांना नेमके तेव्हाच पलंग-दरवाजे चकचकीत हवे असतात. परतवाड्याहून कंप्रेसर घेऊन घाट चढणाऱ्या कारागिराची मजुरी या दिवसांत दोन गोष्टींवर अडते : ओलावा आणि गन.

अकराशे मीटरच्या आसपासच्या या गावात ढग सरळ खोलीत शिरतात. अशा हवेत एन.सी. लॅकर मारले की सागवान दुधासारखे पांढरे पडते. मालक म्हणतो माल भेसळीचा, कारागीर दुकानदाराला बोल लावतो. खरे कारण वेगळेच असते. थिनर झपाट्याने उडते, त्याने पृष्ठभाग गार होतो आणि हवेतले बाष्प त्यावर बसते. दाट धुक्यात हात थांबवावा हे उत्तम. थांबता येत नसेल तर थिनरमध्ये थोडे रिटार्डर घालून पातळ हात मारावेत. पांढरेपणा आलाच तर लगेच खरवडू नये; हवा कोरडी झाल्यावर रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा दिल्यास तो पुष्कळदा निघून जातो.

कंप्रेसरमध्येही हवा दाबली की तिच्यातले पाणी टाकीच्या तळाशी जमते. खालचा कॉक रोज उघडावा, पावसाळ्यात दुपारीही एकदा.

आता गन. हिचे मूळ दवाखान्यात आहे. अमेरिकेतील टोलेडोचे डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी घशात औषध फवारण्यासाठी 1888 मध्ये फवारणी काढली. त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी पुढे 1907 मध्ये तिच्यावरून रंगाची गन तयार केली. औषधाची नळी जितकी स्वच्छ ठेवावी तितकीच हीही ठेवावी लागते.

फवारा एका बाजूला चंद्रकोरीसारखा वाकला तर एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पाहा. कोर उलटली तर कॅपचे भोक बुजले आहे. तशीच राहिली तर कचरा नोझलवर आहे. भोक साफ करायला तार किंवा खिळा कधीही घालू नका, भोक मोठे झाले की कॅप बाद! थिनरमध्ये भिजवून झाडूची काडी फिरवावी. गन थुंकत असेल, म्हणजे फवारा तुटक येत असेल, तर रंगाच्या वाटेत कुठून तरी हवा शिरते आहे. नोझल सैल आहे का, नीडलचे पॅकिंग सुकले आहे का, कपाच्या झाकणाचे छिद्र बुजले आहे का, कपात रंग कमी आहे का, हे क्रमाने पाहावे. फवारा मधोमध जड पडला तर रंग घट्ट किंवा हवा कमी. मधून फाटला तर रंग फार पातळ किंवा हवा जास्त. घोडा सोडल्यावरही रंग ठिबकत असेल तर नीडलच्या टोकाशी कचरा आहे, नाहीतर पॅकिंग जास्त आवळले आहे.

काम संपताच थिनर भरून फवारावे आणि कॅप वेगळी धुवावी. अख्खी गन थिनरच्या डब्यात बुडवून ठेवण्याची सवय आम्हाला अजिबात पसंत नाही. त्याने पॅकिंग सुकते आणि हवेच्या वाटेत मळ जातो. पॅकिंगवर व घोड्याच्या खिळीवर तेलाचा एकेक थेंब पुरे. सिलिकॉनचे तेल मात्र दुकानात आणूच नका, लॅकरवर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

एक सूचना नमाजी कारागिरांसाठी. नखांवर सुकलेल्या रंगाखाली पाणी पोहोचत नाही, म्हणून वजूपूर्वी तो निघालाच पाहिजे. थिनरने हात चोळण्यापेक्षा आधीच हातमोजे घालावेत. तोंडावर रुमाल बांधून थिनरची वाफ अडत नाही; कोळशाच्या फिल्टरचा मास्क घ्यावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्या खोलीत बिडी पेटवू देऊ नये.