जोडीदाराला जागा देणारा खेळ

रविवारची बुद्धवंदना आटोपली, की मानपाड्यातील आमच्या विहारात सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि भिंतीला टेकवून ठेवलेले हिरवे टेबल पोरे मधोमध आणतात. एमआयडीसीतील एक कंपनी बंद पडली तेव्हा तिच्या कॅन्टीनमधले हे टेबल भंगारात निघाले होते. आमच्यातील एका निवृत्त कामगाराने ते वजनाच्या भावात सोडवून आणले. एक पाय लंगडा होता, तो वेल्डिंग करून सरळ केला.

विहारात खेळ कशाला, यावर कमिटीची बैठक दोन तास चालली. ध्यानाला बसणाऱ्यांना चेंडूच्या टिकटिकीचा त्रास होईल, असे काहींचे म्हणणे होते. शेवटी एका वयस्कर उपासिकेने विचारले, "जयंतीच्या बेंजोनं तुमचं ध्यान मोडत नाही, मग या टिकटिकीनं कसं मोडतं?" त्यानंतर कोणी बोलले नाही. टेबल राहिले.

आज हे लिहायचे कारण आमच्या वस्तीतील दोन पोरे. एकाचे वडील कॉम्प्लेक्समध्ये वॉचमन, दुसऱ्याची आई चार घरी पोळ्या करते. एक डावखुरा, एक उजवा. दोघे तीन वर्षे दुहेरीच खेळत आले. मध्यंतरी शहरातील एका क्लबच्या प्रशिक्षकाने त्यांना पाहिले आणि डावखुऱ्याला घेतो म्हणाले. दुसऱ्याचे पुढच्या वर्षी बघू. डावखुऱ्याचे वडील रात्रपाळीवर जाताना आमच्याकडे आले. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, म्हणून वस्तीचा समज असा, की आम्हाला सगळेच कळते. म्हणाले, "भाऊ, डबलमध्ये एवढं काय असतं? दोघं उभे राहतात, ज्याच्याकडे बॉल आला तो मारतो. जोडीदार बदलला तर काय बिघडलं?"

प्रश्न रास्त होता, कारण टेनिसमध्ये आणि बॅडमिंटनमध्ये तसेच असते. बॅडमिंटनमध्ये एकदा रॅली सुरू झाली, की जवळचा मारतो. एक जण कच्चा असला तर पक्का खेळाडू त्याच्या वाट्याचे फटकेही मारून नेतो. टेबल टेनिसमध्ये तशी सोय नाही. इथे जोडीतील दोघांनी पाळीपाळीनेच मारायचे. पहिला सर्व्हिस करतो, समोरचा परतवतो, मग इकडच्या दुसऱ्याने मारायचे, मग तिकडच्या दुसऱ्याने. चेंडू तुमच्या हाताशी आला आणि पाळी जोडीदाराची असेल, तर तुम्ही हात लावायचा नाही. लावलात तर गुण गेला. टेबल नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्या पाच फुटांमागे दोघांनी उभे राहायचे. म्हणजे फटका मारला, की ताबडतोब बाजूला व्हायचे आणि जोडीदाराला जागा द्यायची. ज्याला बाजूला होता येत नाही, त्याचा फटका कितीही जोराचा असो, जोडी हरते. एक डावखुरा आणि एक उजवा असला, की दोघांच्या वाटा कमी आडव्या येतात. म्हणून अशा जोडीला भाव असतो.

आणखी एक गंमत. सर्व्हिस करण्यापूर्वी खेळाडू टेबलाखाली बोटांनी जोडीदाराला खूण करतो, की आता असा फिरकीचा चेंडू टाकणार. समोरच्याला ती दिसत नाही. आमच्या पोरांनी स्वतःच्या खुणा बनवल्या आहेत. त्या आम्हाला अजून सांगितलेल्या नाहीत.

या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आपल्या मुंबईत झाली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५२ च्या फेब्रुवारीत, चर्चगेटच्या ब्रेबर्न स्टेडियमवर. ही स्पर्धा आशिया खंडात भरण्याची ती पहिलीच वेळ. जपानचा संघही या स्पर्धेत प्रथमच उतरला होता. युद्धात होरपळून निघालेल्या त्या देशाने मुंबईतून चार अजिंक्यपदे नेली. पुरुष एकेरी हिरोजी साटो याने जिंकली. त्याच्या रॅकेटला जाड स्पंज लावलेला होता. तोवरच्या पुटकुळ्यांच्या रबराचा टकटक आवाज ऐकून खेळणारे भले भले खेळाडू त्या मुक्या रॅकेटपुढे गोंधळून गेले. जुने लोक आठवण काढतात ती साटोची.

आम्हाला मात्र पुरुष दुहेरीचा अंतिम सामना अधिक मोलाचा वाटतो. एका बाजूला इंग्लंडचे जॉनी लीच आणि रिचर्ड बर्गमन. लीच एकेरीत १९४९ आणि १९५१ चा जगज्जेता. बर्गमन १९३७, १९३९, १९४८ आणि १९५० चा. हा बर्गमन मूळचा व्हिएन्नाचा यहुदी. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर त्याला देश सोडावा लागला. जन्माच्या शिक्क्यावरून माणसाला हाकलणे काय असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. तर असे दोघे, मिळून एकेरीची सहा जगज्जेतेपदे. दुसऱ्या बाजूला नोरिकाझू फुजी आणि तादाआकी हायाशी, दोघांच्या नावावर जगज्जेतेपद एकही नाही. जिंकले फुजी आणि हायाशी.

आमचे आजोबा तेव्हा डिलाईल रोडच्या चाळीत राहत आणि गिरणीत कामाला होते. या सामन्यांचे नावही त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नाही. त्या दिवसांविषयी ते सांगत ते वेगळेच. स्पर्धेच्या आदल्याच महिन्यात, जानेवारी १९५२ मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून पराभूत झाले होते. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता अशी जोडी होती. दोघेही पडले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हीच जोडी पुन्हा उतरली. अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पडले. जोडीचा विषय निघाला, की आजोबा हे सांगत आणि मग बराच वेळ गप्प बसत. खेळाच्या लेखात राजकारण कशाला आणले, असे कोणी म्हणेल. आम्ही आणले नाही. दुहेरी हा शब्द लिहिताना ते आमच्या मनात आपोआप येते.

ऑलिंपिकमध्ये टेबल टेनिस आले ते १९८८ साली सेऊलला. मुंबईचे कमलेश मेहता आणि सुजय घोरपडे तेव्हा भारताकडून उतरले होते. पुरुष दुहेरी २००४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती, पुढे तिच्या जागी सांघिक सामने आले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी दुहेरी परत घेतली आहे. राष्ट्रकुल स्पर्धेत आपली कामगिरी चांगली आहे. २०१० साली दिल्लीत शरत कमल आणि सुभजित साहा यांनी सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली गोल्ड कोस्टला शरत आणि साथियन यांनी रौप्य, तर हरमीत देसाई आणि मुंबईचा सनिल शेट्टी यांनी कांस्य. शरत-साथियन २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला पुन्हा अंतिम फेरीत गेले. दोन्ही वेळा समोर इंग्लंडचे तेच ड्रिंकहॉल आणि पिचफोर्ड, दोन्ही वेळा पाच गेमपर्यंत लढत आणि दोन्ही वेळा हार. ड्रिंकहॉल-पिचफोर्ड चार वर्षांनीही एकत्रच होते, ही गोष्ट आम्ही वॉचमनदादांना मुद्दाम सांगितली.

ते ऐकून म्हणाले, "म्हणजे पाठवू नको म्हणता?"

तसे आम्ही म्हटले नाही. पोराला जायलाच हवे. आमच्या विहाराच्या लाद्यांवर पाय घसरतात, टेबल जुने आहे आणि चांगल्या रबराची किंमत ऐकून आम्ही दुकानदाराला दोनदा विचारले. ज्या पोराला दार उघडले, त्याने दुसऱ्यासाठी उंबऱ्यावर थांबावे, हे आम्हाला पटत नाही. पण दुसऱ्याचे पुढच्या वर्षी बघू, हे वाक्य आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो आहोत, म्हणून तेही सहजासहजी गिळवत नाही. आम्ही क्लबला पत्र लिहिले. त्यात विनवणी केली नाही. एवढेच लिहिले, की ही जोडी आहे. जिल्ह्याच्या दुहेरीसाठी दोघांना एकत्र एकदा खेळवून पाहा आणि मग ठरवा. दुसऱ्याची सहा महिन्यांची फी आणि दोघांच्या रबराचे पैसे वस्ती भरील. पोळ्या करणाऱ्या माउलीने पहिले शंभर रुपये आणून दिले. आम्ही नको म्हटले, तर रागावल्या.

पत्राला उत्तर अजून आलेले नाही. डावखुरा सोमवारपासून क्लबात जातो. रविवारी मात्र वंदनेला येतो. परवा चेंडू फुटला आणि दुसरा आणायला कोणी दुकानात पळाले, तेवढ्या वेळात हे दोघे टेबलामागे चेंडूवाचूनच सराव करत होते. एकाने हात फिरवायचा आणि बाजूला सरायचे, की दुसरा पुढे. दाराशी दोन लहान मुली चपला हातात घेऊन त्यांचे पाय बघत उभ्या होत्या. त्यांनाही शिकायचे आहे. त्यांच्या आयांनी बुधवारी संध्याकाळी सहाला त्यांना घेऊन यावे.