दोन कान आणि सात दिशा

आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आणि गेमिंग हेडसेट! पण झालं असं, सुट्टीत नातू नवा हेडसेट घेऊन आला. खोक्यावर लिहिलेलं, ‘7.1 सराउंड’. म्हणजे सात दिशांचे सात आवाज आणि खर्जाचा एक वेगळा. मी आत बघितलं, तर कानाला एकेकच स्पीकर. म्हटलं, ‘अरे, फसवलं तुला.’ तो म्हणाला, ‘आजोबा, आधी जोडू तर द्या!’

त्यानं आधी गोल पिन लॅपटॉपला लावली. आवाज आला, पण नुसता डावा-उजवा. मग यूएसबीची वायर लावली. त्या वायरीत छोटं साउंड कार्ड असतं. त्याच्या हेडसेटमध्ये सात दिशांचं गणित त्याच वाटेनं चालतं. तरी आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड. तिथं आउटपुटला हेडसेट निवडला, इनपुटला त्याचाच माइक. आता एक पथ्य. कंपनीचं सराउंड किंवा विंडोज सोनिक, दोन्हींतलं एकच चालू ठेवा. दोन्ही लावलीत तर न्हाणीघरात बोलल्यासारखं घुमतं.

पण दोन स्पीकरमधून मागचा आवाज येतो कसा? तर बघा, उजवीकडची टाळी उजव्या कानाला आधी पोचते, डाव्याला जरा उशिरा. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. शिवाय मध्ये डोकं आल्यानं तिकडे ती थोडी मंद होते. लॉर्ड रेले यांनी 1907 साली हे नीट मांडलं. पुढचं-मागचं कळतं ते कानाच्या पाळीच्या वळणांमुळे. ती आवाजाचा पोत बदलतात. सॉफ्टवेअर या खुणांची नक्कल करतं.

आपले नैयायिक म्हणत, शब्द वीचीतरंगन्यायानं, लाटेमागून लाट उठावी तसा, कानापर्यंत येतो आणि तिथंच त्याचं ग्रहण होतं. मग तो कुठून आला, हे कानाला कोण सांगतं? माझं उत्तर असं: दिशा आपण ऐकत नाही, खुणांवरून ठरवतो. तेव्हा खोक्यानं नातवाला फसवलं नव्हतं. रोज आपलं डोकं करतं तेच ते यंत्र करत होतं.

मग मी हेडसेट घातला. नातू विचारतो, ‘मागून पावलं वाजतात ना?’ मला काहीच कळेना. माझा डावा कान गेली काही वर्षं कमी ऐकतो. तेव्हा एक जुनं कोडं सुटलं. रेकॉर्डिंग ऐकताना मला वाटायचं, हल्ली श्रोते प्रश्नच विचारत नाहीत. ते विचारत होते हो, डाव्या बाजूनं!

नातवानं त्याच साउंडच्या पानावर ‘मोनो ऑडिओ’ चालू करून दिलं. आता दोन्ही बाजूंचं सगळं उजव्या कानातही येतं. दिशा गेली, पण प्रश्न परत मिळाले.

तुम्हीही आज हेडफोन उलटे घालून बघा. डाव्या कानाचा स्पीकर उजव्याला, उजव्याचा डाव्याला. तरीही एकच बाजू मंद वाटली, तर दोष यंत्राचा नाही. मग कानाच्या डॉक्टरांकडे जा. मी उशिरा गेलो.