रात्री अकराचा उकाडा आणि खोलीचा थर्मामीटर

२०२४ च्या नवतप्यातली गोष्ट. सिंदी मेघेतील एका घरून रात्री साडेअकराला फोन आला, "डॉक्टरसाहेब, आजी काहीतरीच बडबडताहेत." जाऊन पाहतो तो अंग भट्टीसारखे तापलेले, नाडी जलद, आणि पोटच्या मुलाला ओळखेनात. वय ७८. मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता, "पण आम्ही त्यांना दिवसभर उन्हात जाऊच दिलं नाही!" ते खरेच होते. आजी वरच्या मजल्यावर, खिडक्या बंद, उशाशी कूलर सुरू. अंगावर पाणी शिंपडले, पंखा लावला, १०८ ची गाडी बोलावली. चार दिवसांनी आजी घरी परतल्या.

माझ्या डोक्यातून मात्र प्रश्न जाईना. उन्हात न गेलेल्या बाईला रात्री उष्माघात का व्हावा? आम्ही डॉक्टर पेशंटच्या काखेत थर्मामीटर लावतो, त्याच्या खोलीला कोणी लावत नाही.

माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने पत्त्याएवढी एक हिरवी पाटी आणली. तिचे नाव रास्पबेरी पाय. शाळकरी मुलांनी संगणक शिकावा म्हणून २०१२ साली इंग्लंडात निघालेला हा एका पाटीवरचा संपूर्ण संगणक. त्याला डीएचटी-२२ नावाची छोटी पांढरी डबी तीन तारांनी जोडली. ती तापमान आणि हवेतील आर्द्रता दोन्ही मोजते. दर पाच मिनिटांनी आकडे मेमरी कार्डावर लिहून ठेवण्याचा प्रोग्राम त्याने एका संध्याकाळी लिहिला.

पहिल्याच रात्री यंत्राने आमची फजिती केली. भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरपेक्षा ते तीन अंश जास्त दाखवी. कारण सोपे निघाले. संगणक स्वतःच तापतो आणि डबी त्याला चिकटून होती. तार हातभर लांब केल्यावर आकडा जागेवर आला. आर्द्रतेची परीक्षा स्वयंपाकघरातल्या मिठाने होते. झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे भिजवावे, डबीसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे (डबीला ओले मीठ लागू देऊ नये). सकाळी आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास हवा. हा खटाटोप कशाला, असे वाटेल. पण ३० मे २०२४ ला नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याला सांगावे लागले की सेन्सर बिघडला होता. तिथे असे होते, तर आपल्या डबीची काय कथा!

आजींच्या घरच्यांच्या परवानगीने यंत्र आठवडाभर त्या खोलीत ठेवले. बाहेरचा पारा दुपारी चारनंतर उतरू लागे. खोलीचा मात्र रात्री नऊपर्यंत चढतच राही. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्री खाली सोडतो. दुसरा दोष कूलरचा. तो खोलीच्या आतच ठेवलेला, त्यामुळे तीच हवा पुन्हा पुन्हा ओली होई. रात्री दहाला तापमान ३५ आणि आर्द्रता ७० टक्के! घाम वाळला तरच शरीर थंड होते. इतक्या ओल्या हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हातारपणी घाम कमी येतो, तहानही फारशी जाणवत नाही. त्यात आजींना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होती. (ही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. उन्हाळा लागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.) "गरम होतं का?" या प्रश्नाला आजी रोज "नाही रे" म्हणत, आणि घरचे निश्चिंत राहत.

कूलर खिडकीबाहेर बसवला. हवा निघून जायला समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली. त्या रात्री आर्द्रता पन्नासच्या खाली आली, तापमानही उतरले. आजींची खाट तळमजल्यावर हलवली, हे त्याहून बरे झाले.

घरात असा पुतण्या नसेल तर बाजारात तापमान व आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळासारखे यंत्र काही शे रुपयांना मिळते. त्यातल्या बऱ्याच यंत्रांना कालच्या रात्रीची आठवण नसते, म्हणून वहीत लिहावे. निदान रात्री नऊ आणि अकराचे आकडे. म्हातारे माणूस अचानक असंबद्ध बोलू लागले, तर आकडे बघत बसू नये. कपडे सैल करून अंग ओले करावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

पाऊस लागला की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. आजींच्या घरी हे काम आता नातीकडे आहे. ती डबीचा आकडा मोठ्याने वाचते, आणि आजी विचारतात, "आज किती टक्के मिळाले गं?"